दाह ओळखणारी पेशी

बजाजनगरात सुटा भाग म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याला माल पुरवणारे लहानमोठे व्हेंडर आजूबाजूला उभे राहिले आणि एमआयडीसीच्या या कामगार वस्तीत गिअर, शाफ्ट, ब्रेक-शू हे शब्द घरातल्या बोलण्यात आले. भाग झिजला की काढायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा, की गाडी पुन्हा रस्त्यावर. 'स्टेम सेल' हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात नेमके हेच चित्र उभे राहते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुले 'मूलपेशी' शिकतात: शरीरातली कुठलीही पेशी जिच्यापासून तयार होऊ शकते अशी मूळची पेशी. मग गुडघ्यातली कूर्चा झिजली तर तिथे मूलपेशी टोचायची आणि नवी कूर्चा मिळवायची, हा तर्क ओघानेच येतो. जाहिरातीही तोच तर्क विकतात. निदान एका महत्त्वाच्या जातीच्या मूलपेशींबाबत, म्हणजे संयोजी ऊतींमध्ये राहणाऱ्या पेशींबाबत, हा तर्क चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. सुटा भाग होणे हे या पेशींचे मुख्य काम नाही. भडकलेल्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणे हे त्यांचे अधिक मोठे काम आहे, आणि तेही परिस्थिती पाहून. हे काम कसे चालते ते नीट उमगले, तर या पेशींकडून काय मागावे आणि कुणाच्या आश्वासनावर विश्वास ठेवू नये, हेही उमगते.

संयोजी ऊती म्हणजे शरीराला बांधून ठेवणारे सगळे सामान: हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, चरबी, अवयवांच्या भोवतीचे आणि आतले अस्तर. या ऊतींमध्ये आणि हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत काही थोड्या पेशी अशा असतात की त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी या तिन्ही प्रकारच्या पेशी घडू शकतात. मॉस्कोच्या गमालेया संस्थेतले अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत त्या पहिल्यांदा वेगळ्या केल्या. त्यांची युक्ती अगदी साधी होती. मज्जेतल्या पेशी बशीत ठेवल्या की बहुतेक तरंगत राहतात आणि ओतून देता येतात. बशीच्या तळाला घट्ट चिकटून राहतात त्या याच. मज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच सापडते, पण बशीत ती भराभर वाढते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. पुढे याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लेख लिहून आपण दिलेले नाव बदलावे अशी विनंती केली. शरीरात टोचल्यावर या पेशी नव्या ऊती बनवत नाहीत, त्या औषधी निरोप पाठवतात; 'स्टेम सेल' म्हटल्याने रुग्णांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच नावाने प्रसिद्ध झालेला शब्द परत घ्या म्हणणारा शास्त्रज्ञ विरळाच. या एका कृतीसाठी मला कॅप्लन यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

निरोपांचा हा मामला पहिल्यांदा ठळकपणे समोर आला तो बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या निमित्ताने. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. भारतातले पहिले यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण १९८३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले होते. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. या उपचारात एक धोका कायमचा असतो. एरवी प्रत्यारोपणात रुग्णाचे शरीर परक्या अवयवाला नाकारते. इथे उलटे होऊ शकते: दात्याच्या मज्जेतून आलेल्या टी-पेशींनाच रुग्णाचे सगळे शरीर परके वाटते, आणि त्या त्याच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला चढवतात. पाहुण्यांनी यजमानावर केलेला हा हल्ला. त्यावर पहिले औषध स्टेरॉइड; ते लागू पडले नाही तर पूर्वी डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे. स्वीडनमध्ये कतारिना ल ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असाच एक मुलगा होता, तोही नऊ वर्षांचा, आजाराची सर्वांत तीव्र पायरी गाठलेला. त्याला त्याच्या आईच्या मज्जेतून वाढवलेल्या संयोजी मूलपेशी दिल्या आणि आतड्याचा व यकृताचा दाह झपाट्याने ओसरला. ही नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आईच्या पेशी मुलाशी अर्ध्याच जुळणाऱ्या होत्या, तरी मुलाच्या शरीराने त्या लगेच झिडकारल्या नाहीत, ही बाबही तेवढीच विलक्षण होती. चार वर्षांनी त्याच गटाने ५५ रुग्णांचा अनुभव मांडला: ३० जणांत आजाराची लक्षणे पूर्ण गेली, आणखी ९ जणांत कमी झाली. यात कुणालाही नवे आतडे किंवा नवे यकृत बनवून मिळालेले नव्हते. हल्ला थांबला होता.

हल्ला थांबतो कसा? इथे विषय खरा रंजक होतो. या पेशी स्वतःहून शांत करणाऱ्या नसतात. निरोगी ऊतीत त्या निमूटपणे पडून असतात. आजूबाजूला टी-पेशी खवळल्या की त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडतात. तो मुळात इतर लढाऊ पेशींना 'या, मदतीला या' असे सांगणारा. संयोजी मूलपेशीला हाच रेणू येऊन भिडला की तिचे वागणे पालटते. ती आयडीओ नावाचे विकर बनवू लागते. हे विकर भोवतालचे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकते. ट्रिप्टोफॅन आपल्या आहारातल्या प्रथिनांमधून येते आणि टी-पेशींना दुभागून संख्या वाढवायला ते लागतेच. ते संपले, शिवाय ते मोडताना तयार झालेली द्रव्ये टी-पेशींना जाचक ठरली, की त्यांची वाढ थबकते. म्हणजे ज्या आरोळीने फौज जमा होते, तीच आरोळी फौजेचा शिधा बंद करणाऱ्यालाही जागे करते. गावातल्या तंटामुक्ती समितीची आठवण व्हावी असे हे वागणे आहे: तंटा नसेल तर समितीला काम नसते, तंटा पेटला की तिने मध्ये पडायचे. उंदरांवरचा एक प्रयोग या बाबतीत मला निर्णायक वाटतो. परकी मज्जा दिलेल्या उंदरांना या पेशी प्रत्यारोपणाच्याच दिवशी टोचल्या, तेव्हा उपयोग झाला नाही. दोन दिवस थांबून, इंटरफेरॉनची पातळी चढल्यावर टोचल्या, तेव्हा उंदीर जास्त जगले. ज्या उंदरांना दिलेल्या टी-पेशींना इंटरफेरॉन गॅमा बनवताच येत नव्हते, त्यांच्यात उशिरा देऊनही उपयोग नव्हता. आणि पेशींना आधीच बशीत इंटरफेरॉन पाजून तयार केले, तर पहिल्या दिवशीही त्या कामी आल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. दाहाचा इशारा मिळाल्यावाचून या पेशी दाह विझवत नाहीत.

शिधा तोडणे हा एकच मार्ग नाही. याच पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ सोडतात. ताप आणि दुखणे वाढवणारे म्हणून आपण ज्याला ओळखतो, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊन ज्याचे उत्पादन कमी करतो, तेच हे द्रव्य. पण भक्षकपेशींवर ते वेगळा परिणाम घडवते. जंतू गिळणारी आणि दाह पसरवणारी भक्षकपेशी या द्रव्याच्या संपर्कात आली की इंटरल्युकिन-१० हा शमवणारा रेणू बनवू लागते. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या उंदरांना संयोजी मूलपेशी दिल्यावर त्यांचे मरण्याचे प्रमाण घटले ते याच मार्गाने, हे २००९ मध्ये दाखवले गेले. त्यातली गंमत अशी की त्या उंदरांतल्या भक्षकपेशी आधी काढून टाकल्या तर उपचाराचा फायदाही नाहीसा होत होता. म्हणजे मूलपेशीने स्वतः लढाई लढलेली नाही, तिने लढणाऱ्याचे मन वळवले. तिसरा मार्ग नियामक टी-पेशींचा. प्रतिकारयंत्रणेने आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून पहारा देणाऱ्या या टी-पेशींच्या शोधाला २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले: मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना. संयोजी मूलपेशींच्या सान्निध्यात या पहारेकऱ्यांची संख्या वाढते. प्रतिकारयंत्रणा म्हटले की आपल्याला पांढऱ्या पेशी आठवतात, आणि हाड, चरबी, कूर्चा हे केवळ सांगाड्याचे सामान वाटते. खरे तर शरीराची चौकट आणि शरीराचे सैन्य एकमेकांशी सतत बोलत असतात. जखम कुठे झाली, किती खोल, लढाई कुठवर चालू द्यायची आणि डागडुजी कधी सुरू करायची, यातले बरेचसे चौकटीतल्या पेशींनाच आधी कळते.

यावर एक शास्त्रीय आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. शिरेतून टोचलेल्या या पेशी आकाराने मोठ्या असल्याने बहुतेक सगळ्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात. काही दिवसांतच त्या सापडेनाशा होतात. मग आतड्याला झालेला दाह त्या फुप्फुसात बसून, आणि तेही मरून गेल्यावर, कशा विझवणार? जे दिसले तो योगायोग तर नसेल? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले फ्रान्चेस्को दाझी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या आक्षेपालाच पुरावा बनवले. टोचलेल्या पेशींना रुग्णाच्याच मारक पेशी ठार करतात, आणि हे मरणे हाच उपचाराचा भाग आहे, असे त्यांना उंदरांत आढळले. मेलेल्या पेशी भक्षकपेशी गिळतात आणि गिळल्यावर त्या स्वतःच आयडीओ बनवून दाह शमवू लागतात. मग त्यांनी रुग्णांकडे पाहिले. ज्यांच्या रक्तात या पेशींना मारण्याची ताकद जास्त होती, त्यांनाच उपचार लागू पडला होता. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांना नाही. तेव्हा पेशी मरतात म्हणून उपचार खोटा, असे म्हणता येत नाही. पण 'टोचलेली पेशी तुमच्या शरीरात रुजेल आणि आयुष्यभर काम करेल' हे आश्वासन मात्र या पुराव्यासमोर टिकत नाही. जी पेशी आठवडाभरात मोडून जाते, ती रोपटे नव्हे. ती पत्र आहे. पोहोचले, वाचले गेले, फाडले गेले.

इथून माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू सुरू होते. जी पेशी परिस्थिती पाहून वागते, तिच्याकडून सगळीकडे सारखा निकाल मिळणार नाही. इंटरफेरॉन भरपूर असेल तर ती शांत करते. अगदी थोडे असेल तर तीच पेशी परक्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींपुढे मांडून त्यांना उलट चिथावू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उंदराच्या पेशी टी-पेशींना रोखायला मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड वापरतात, माणसाच्या पेशी आयडीओ. त्यामुळे उंदराचा निकाल माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. पेशी कुणाची, हेही महत्त्वाचे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात या अंगाने बरेच काम झाले आहे. १९८६ मध्ये पेशी आणि ऊती जोपासून देणारी राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेली ही संस्था गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने दाखवले की तरुण उंदरांच्या संयोजी पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुड्या म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींना पुन्हा जोम देतात. तिथेच डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्युकिन-३ या रेणूचा अभ्यास केला: तो माणसाच्या संयोजी मूलपेशींना हाड बनवण्याच्या वाटेवर ढकलतो आणि संधिवात झालेल्या उंदरांत नियामक टी-पेशी वाढवून सांध्यांचा दाह कमी करतो. या दोन्ही कामांतून एकच गोष्ट दिसते. पेशीचे नाव सारखे असले तरी तिचे वय आणि तिला मिळालेले इशारे बदलले की तिचे वागणे बदलते.

वाळूजच्या माणसाला हे वेगळ्या शब्दांत लगेच पटेल: इथे प्रश्न बॅचचा आहे. याच एमआयडीसीत वोक्हार्टचा बायोटेक पार्क आहे आणि त्या कंपनीने २००३ मध्ये यीस्टकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्या धंद्यात जिवंत पेशी हा कारखाना असतो आणि इन्सुलिन हा माल. पेशी टाकीत राहते; रुग्णाला मिळतो तो गाळून शुद्ध केलेला एक रेणू, ज्याची रचना, वजन, शुद्धता मोजता येते. एका बॅचचे इन्सुलिन दुसऱ्या बॅचसारखेच आहे, हे कागदावर सिद्ध करता येते. संयोजी मूलपेशींच्या उपचारात कारखानाच रुग्णाच्या शिरेत सोडायचा असतो. तो तिथे गेल्यावर कोणता माल किती काढेल, हे रुग्णाच्या अंगातल्या दाहावर ठरणार. दाता कोण, पेशी किती वेळा वाढवल्या, गोठवून ठेवलेल्या होत्या की ताज्या, यावरही ठरणार. २००६ मध्ये पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या पेशी ओळखायचे किमान निकष ठरवले: त्या प्लॅस्टिकला चिकटाव्यात, त्यांच्या अंगावर ठरावीक खुणा असाव्यात आणि ठरावीक नसाव्यात, त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा बनवता यावी. हे निकष पेशी कोण आहे ते सांगतात. ती दाह विझवेल की नाही, हे त्यांतून कळत नाही. भागाचे माप बरोबर आहे म्हणून तो भार पेलेल असे नसते. त्यासाठी तो चालवून पाहावा लागतो. औषधाच्या बाबतीत चालवून पाहणे म्हणजे माणसांवरची नीट आखलेली चाचणी, ज्यात काही रुग्णांना पेशी मिळतात, काहींना मिळत नाहीत, आणि कुणाला काय मिळाले हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते.

अशा चाचण्यांचा इतिहास चढउतारांचा आहे. ल ब्लांक यांच्या ५५ रुग्णांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अमेरिकेतल्या ओसायरिस कंपनीने तुलनेचा गट घेऊन मोठ्या चाचण्या केल्या तेव्हा, २००९ मध्ये, त्यांत ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. लहान मुलांत मात्र फायद्याची चिन्हे दिसली. तोच धागा धरून पंधरा वर्षे काम चालले; उत्पादन दुसऱ्या कंपनीकडे गेले, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये परत पाठवले, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, फक्त स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या पाहुण्या-यजमान आजारासाठी आणि फक्त मुलांसाठी. मान्यतेचा आधार असलेल्या ५४ मुलांपैकी २८ व्या दिवशी ३० टक्क्यांमध्ये लक्षणे पूर्ण गेली होती, ४१ टक्क्यांमध्ये अंशतः. ज्या मुलांपुढे दुसरा मार्ग नव्हता, त्यांच्यासाठी हे आकडे मोठे आहेत. आणि याच डिसेंबर २०२४ मध्ये युरोपात याच जातीच्या पेशींचे दुसरे औषध बाजारातून मागे घेतले गेले. क्रोन्स या आतड्याच्या आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या भगंदरासाठी त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती. पहिल्या चाचणीत फायदा दिसला होता. पुढची मोठी चाचणी झाली आणि तो फायदा पुन्हा दिसला नाही. एकाच महिन्यात एक औषध दारातून आत आले, दुसरे बाहेर गेले. मला यात शास्त्राचे अपयश दिसत नाही. परिस्थिती पाहून वागणाऱ्या पेशीची पारख अशीच होणार, एकेका आजारात, एकेका वयात, वेगवेगळी.

आपल्याकडचे चित्रही असेच बारीक तपशिलांचे आहे. बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सने अनेक दात्यांच्या मज्जेतून एकत्र केलेल्या संयोजी पेशींचे 'स्टेमप्यूसेल' हे औषध तयार केले. त्याला २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली ती बर्गर्स डिसीजसाठी. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत हातापायांच्या लहान रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडतात, बोटे काळी पडतात, कधी पाय कापावा लागतो. तो हा आजार. तंबाखू पूर्णपणे सोडणे हा त्याचा पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपचार, हे इथे सांगितलेच पाहिजे, कारण कुठलीही पेशी विडीचा धूर निस्तरू शकत नाही. २०२२ मध्ये त्याच पेशींना गुडघ्याच्या संधिवातासाठी, तेही मधल्या पायऱ्यांवरच्या, परवानगी मिळाली. दुखणे आणि हालचाल यांत रुग्णांना फायदा झाल्याचे चाचणीत दिसले होते. उभ्याने काम करून गुडघे गेलेल्या कामगाराला ही बातमी मोलाची वाटणार, आणि तशी ती आहेही. तिच्या शेजारी दुसरी बातमी ठेवायला हवी. अमेरिकेत सुमारे पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तीन प्रकारच्या पेशींची नेहमीच्या स्टेरॉइड इंजेक्शनशी तुलना केली गेली. वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. पेशींचा स्रोत वेगळा, बनवण्याची रीत वेगळी, तुलना वेगळी. म्हणून दोन्ही निकाल खरे असू शकतात. खोटे ठरते ते एकच वाक्य: 'स्टेम सेलने गुडघा नवा होतो.'

पुष्कळ जण विचारतात, पेशी माझ्याच चरबीतल्या, मलाच परत दिल्या, तर त्यात धोका कसला? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर कठोर आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. वयाबरोबर दृष्टी क्षीण होण्याच्या आजारावर उपाय म्हणून प्रत्येकीने ५,००० डॉलर भरून आपल्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. तिघींचीही नजर गेली. पेशी त्यांच्याच होत्या. जागा चुकीची होती, पुरावा नव्हता, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचण्याचे धाडस तर कुणी शहाण्याने केले नसते. दुसरी बाब अधिक खोल आहे. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणे हे नेहमीच चांगले नसते. कर्करोगाच्या गाठी आपल्याभोवती संयोजी पेशी जमवतात आणि त्यांच्याच शमवण्याच्या गुणाचा फायदा घेऊन मारक पेशींना दूर ठेवतात. पहारा सैल करणारी पेशी चोराच्याही उपयोगी पडते. वैद्यकीय देखरेखीखाली दिलेल्या संयोजी पेशींनी नव्याने कर्करोग होतो असे दिसलेले नाही, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण ती माहिती चाचण्यांतल्या नोंदींमुळे मिळाली. ज्या खोलीत पैसे घेऊन पेशी टोचल्या जातात आणि रुग्णाचे पुढे काय झाले याची वही ठेवली जात नाही, तिथून आपल्याला कधीच काही कळणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप उरतो. ज्यांच्यापुढे मार्गच नाही, ज्यांच्या मुलाला स्वमग्नता आहे किंवा ज्यांच्या घरातल्या माणसाचा मज्जारज्जू तुटला आहे, त्यांना 'पुराव्याची वाट पाहा' असे सुखात बसून सांगणे सोपे नाही का? सोपे आहे, आणि म्हणून ते सांगताना त्या घरांची घालमेल विसरता कामा नये. तरीही मी तेच सांगेन. आशा ही त्या घराची शेवटची ठेव असते. शेत विकून, पीएफ काढून ती कुणाच्या हाती द्यायची, याचा निर्णय पुराव्यावर व्हायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे मज्जा-प्रत्यारोपण हा रूढ उपचार आहे. मान्यता न मिळालेला बाकीचा मूलपेशी-उपचार हा संशोधन आहे आणि तो चाचणीच्या चौकटीतच करायचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी-उपचार करू नये अशी शिफारस केली. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन कायम 'नवे औषध' मानले जाते; म्हणजे त्याला मान्यता लागतेच. चाचणीचा रस्ता लांबचा आणि परदेशातलाच असतो असेही नाही. आयआयटी मुंबई आणि खारघरचे टाटाचे संशोधन केंद्र यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध उभ्या केल्या. ६४ रुग्णांवर चाचणी केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळवली आणि परदेशापेक्षा कितीतरी कमी खर्चात तो उपचार दिला. त्या पेशी प्रतिकारयंत्रणेला चेतवतात, आपल्या विषयातल्या पेशी तिला शांत करतात. दोघींची परीक्षा मात्र एकाच पद्धतीने व्हायला हवी.

म्हणून बजाजनगरच्या, वाळूजच्या, मराठवाड्यातल्या वाचकांना एवढीच विनंती आहे. कुणी स्टेम सेलचा उपचार सुचवला तर त्या औषधाचे नाव विचारा आणि त्याला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता नेमक्या तुमच्याच आजारासाठी आहे का, ते विचारा. मान्यता नसेल आणि 'हा प्रयोग आहे' असे उत्तर मिळाले, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सरकारी नोंदवहीतला त्या चाचणीचा क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. आणि पैसे मोजण्याआधी लक्षात ठेवा की संशोधनाच्या भागासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.